पट्टीवरचा पिवळा

३ मार्च
पुन्हा हिरवी! कपात हा फेस, आणि पट्टी बुडवताच हिरवी. म्हणजे नवऱ्याच्या लघवीतून प्रथिनं अजून चाललीच आहेत. पिवळी राहिली तर किडनी सावरतेय. रंगांच्या दुकानात दिवसभर शेड मिसळते मी, एवढा एक पिवळा काही दिसत नाही.

वर भावजींचा फोन — "वहिनी, स्टिरॉइड का नाही देत?" कितीदा तेच दळण दळायचं! दिलं होतं की. साखर आभाळाला टेकली, आणि याचं डोकं असं फिरलं की शेजाऱ्यांचं फाटक न विचारता जांभळं करून आला. शेजारी हसले. मला रडू आलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, याला ते पुन्हा द्यायचं नाही. म्हणून तर ही दुसरी गोळी.

९ मार्च
गोळीने हात थरथरतो. पाट्या रंगवणाऱ्याचा हात! दवाखान्याच्या पाटीवरचा 'द' पुसून पुसून पत्र्याचा रंग निघाला. ब्रश आपटला. "किडनी वाचवून काय करू, हातच नसेल तर?"

मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना सांगू, मात्रा कमी करून बघतील. तर नको म्हणे, त्या आणखी एखादं विष देतील. मग मीही तोंड सोडलं. जीव राहिला तर पाट्या, वगैरे. वैताग आलाय नुसता.

१० मार्च
गोळी आणि पाणी त्याच्या उशाशी ठेवून दुकानात निघून गेले.

२४ मार्च
पिवळी!! कपात फेसही नाही. आणि हातसुद्धा थांबला! शाळेची पाटी एका दमात लिहिली, वेलांटी अगदी पूर्वीसारखी. "सवय झाली गोळीची," म्हणाला. भावजींना मुद्दाम फोन करून सांगितलं.

३१ मार्च
आजही पिवळी. पण मोजे काढले तर घोट्यावरचा वळ तसाच खोल. सूज कशी उतरत नाही? रक्त तपासायला चल म्हटलं तर अंगावर आला — पट्टी दिसत नाही का तुला? दिसते की. चांगलं झालं तरी हा माणूस सुखाने जगू देणार नाही.

७ एप्रिल
हा बाथरूममधून बाहेर आला, आणि मी लगेच कप उचलला. थंडगार. वास नाही. नळाचं पाणी, त्यात थेंबभर रंग. म्हणूनच हात थांबला, गोळ्या बंद केल्यात याने. ही शेड मी लांबूनही ओळखली असती — शाळेच्या पाटीसाठी मीच मिसळून दिली होती.