दोष कंट्रोलरचाच

२८ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी ७
अपेक्षा पुण्याला नोकरीला लागल्यापासून फोनवर हो, जेवले, ठेवते, एवढंच बोलते. म्हणून मीच म्हटलं, तुझ्या त्या ऑनलाइन कार रेसमध्ये बापाला घे. दोघांची टीम, दर रविवारी पाच वाजता. पोरगी चटकन हो म्हणाली. फार बरं वाटलं.
आज पहिली रेस. वीस गाड्यांत विसावा. पहिल्याच वळणाला गाडी शेतात. कारण उघड आहे: कीबोर्ड. तो टायपिंगसाठी असतो.
निश्चय: कंट्रोलर घेणे. पुढच्या रविवारी पहिल्या पाचात.

३० सप्टेंबर
कॅनॉट मार्केटमधून कंट्रोलर आणला. दुकानदारानं विचारलं, मुलासाठी का? मी बिल मागितलं. घरी सुलेखा म्हणाली, कीबोर्डला काय झालं होतं? बायकोला तांत्रिक बाबी समजावणं अवघड. मी इंजिनिअर. सिव्हिलचा, पण इंजिनिअर तो इंजिनिअर.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा. पाना, विळा, स्कूटरची किल्ली, आणि मधोमध कंट्रोलर. आई सणाला गावाहून, कन्नडहून आलीय. म्हणाली, लेकराचं खेळणं पूजेत मांडतो व्हय रं? म्हटलं, हेच खरं हत्यार. मग तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. अक्षता मी स्वतः वाहिल्या, चांगल्या मूठभर. गेमसाठी एवढं कोण करतं?

५ ऑक्टोबर, रविवार
अन्याय. हात लावला नाही तरी गाडी डावीकडं ओढते. विसावा.
अपेक्षा म्हणाली, बाबा, गाडी वळवायची स्टिक अडकत असेल, नवीन आहे तर बदलून आणा. नाहीतर कीबोर्डवरच खेळा ना. मग आणखी काहीतरी सांगत होती, पण मी तिला स्टिकचं शास्त्र समजावत होतो. बदलून काय कुणीही आणतं. मी दुरुस्त करणार.

६ ऑक्टोबर, वैजापूर, जेवणाची सुट्टी
ऑफिसात व्हिडिओ बघितले. सगळ्यात चांगला एका रशियन पोराचा. भाषा कळली नाही, पण बाण कळले. एक बाहेरचं टूल टाकायचं. स्टिक किती हलली की गाडीनं ऐकायचं, ते मग आपण ठरवायचं. सोपं आहे.

७ ऑक्टोबर
टूल टाकलं. आता कॉम्प्युटरला दोन कंट्रोलर दिसतात: एक माझा, एक टूलनं बनवलेला. दोघांची भांडणं. मेनू आपोआप पळतो. गेमची भाषा पोर्तुगीज झाली.
उपाय: पहिला कंट्रोलर लपवायला दुसरं टूल.

८ ऑक्टोबर
अँटिव्हायरसनं दुसऱ्या टूलला विरोध केला. त्यालाच बंद केलं. स्टिक साठ टक्के हलल्याशिवाय गाडीनं लक्षच द्यायचं नाही, असं सेटिंग केलं. गाडी आता डावीकडं जात नाही. उजवीकडंही जात नाही. पण सरळ काय सुंदर जाते!
अपेक्षाला मेसेज केला, रविवारी तयार राहा.

९ ऑक्टोबर
बंदी! गेमसोबत बाहेरचं सॉफ्टवेअर चालवलं म्हणून खातं बंद. १६ तारखेला, संध्याकाळी पाचला उघडेल. म्हणजे हा रविवार गेला.
कंपनीला इंग्रजीत दोन पानी मेल लिहिला. सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढली, डाग नाही, आणि मी चीटर? सुलेखानं मेल वाचून विचारलं, चीटिंग करून विसावे आलात?
मी जेवलो नाही. थोडंच जेवलो.

१० ऑक्टोबर
आईनं टेबल पुसताना कंट्रोलर उचलून उलटा आपटला. स्टिकच्या फटीतून तांदळाचे दोन दाणे पडले. कुंकवानं लाल. स्टिक लगेच सरळ. आई म्हणाली, आत तांदूळ बी भरून देत्यात व्हय? लई चांगली कंपनी हाय.
सुलेखा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.
माझं मत: एवढी फट ठेवणं हा डिझाइनचा दोष. भारतात माल विकायचा तर भारतीय सणांचा अभ्यास नको? दुसरा मेल पाठवला.

१२ ऑक्टोबर, रविवार
पाचला अपेक्षाचा फोन. बंदीचं सांगितलं. ती म्हणाली, आईला बसवा ना. मी हसलो.
सुलेखा अपेक्षाच्या जुन्या लॅपटॉपवर बसली, नवं खातं उघडून, नावापुढं आमचं गारखेडा लावून. कीबोर्ड! मी मागं उभा राहून सूचना देत होतो. दोघींनी एकदमच सांगितलं, गप्प बसा. सुलेखा सहावी आली. नवशिक्यांचं नशीब असतं.
रेसनंतर दोघी तासभर बोलल्या. रूममेट, मॅनेजर, आणि दसऱ्याच्या आठवड्यात अपेक्षा तीन दिवस तापानं झोपून होती ते. मला हे ठाऊकच नव्हतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? सुलेखा म्हणाली, सांगत होती की, मागच्या रविवारी. तुम्ही तिला स्टिक समजावत होतात.
वाईट वाटलं. फार.
निश्चय: १६ला खातं उघडताच अपेक्षाबरोबर रेस. तिची तब्येत आधी विचारायची. नंतर पहिल्या पाचात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
ऑफिसातून लवकर निघालो. टूल काढली, स्टिक फुंकली. पाचला खातं उघडलं. अपेक्षा ऑनलाइन! आमंत्रण पाठवलं. उत्तर आलं, टीम भरली आहे. टीममध्ये कोण, तर सुलेखा_गारखेडा. आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. आता गुरुवारीही खेळतात म्हणे. मला कुणी सांगितलं नाही.
स्क्रीनवर दोन पर्याय होते: बाहेर पडा, किंवा रेस बघा. बघा दाबलं. कंट्रोलरनं पहिल्या झटक्यात ऐकलं.
त्याच पहिल्या वळणाला अपेक्षाची गाडी हळू झाली, मागोमाग सुलेखाची. दोघी अलगद वळून गेल्या. नीट बघितलं. वळणाआधी दोघी ब्रेक दाबतात.
माझ्या कंट्रोलरवर ब्रेक कुठं आहे, ते शोधायला हवं.