टाकावरचा चेहरा

मु. अकोला, पौष शुद्ध ५, शके १७८६

चि. महादेवराव यास खुशालरावाचे अ. आ. वि. तुमची बहीण सुभद्रा व मुले सुखरूप आहेत. कापसाचा भाव चढल्यापासून तुम्ही अमरावतीच्या बाजारात असे गुंतलात की भाऊबिजेलाही आला नाहीत. सुभद्रेकडून तुमच्या वाट्याचे बोलणे मी ऐकतो.

काम असे. विहीर खोल करताना गाळात एक जाड, हिरवे पडलेले नाणे निघाले. चिंचेने घासले तर दाढीवाल्या पुरुषाचा चेहरा. आई पाहून खालीच बसली. म्हणाली, हे तं तुह्ये बाबाच होत. नाक खरेच तसे आहे. माघ वद्य पंचमीच्या वर्षश्राद्धाआधी चांदीच्या पत्र्यावर बाबांचा चेहरा उठवून देवात ठेवायला टाक करायचा होता. आईने हे नाणेच टाक म्हणून देव्हाऱ्यात बसवले. गुरव म्हणतो, परक्याचा चेहरा देवात चालत नाही, मोर्णा नदीत सोडा. आई म्हणते, मंग मले बी सोडा. भाकर सोडून ती नुसत्या दुधावर आहे. दोन्ही बाजू कोळशाने कागदावर उतरवून पाठवतो. मागे दीपमाळ दिसते. माणूस कोण ते शोधा. त्यावरच नाणे ठेवायचे की नाही ते ठरेल.

ताईसाठी तरी लवकर लिहावे, हे आशीर्वाद.

मु. अमरावती, पौष वद्य १

ती. भाऊजींचे सेवेशी, सा. न. वि. वि. माझे बोलणे तुम्ही खाल्लेत, उपकार झाले.

कापूस घ्यायला येणाऱ्या साहेबाला कागद दाखवला. काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत त्याने वाचले, दिवुस आंतोनिनस. समुद्रापलीकडे रोम म्हणून राज्य होते, तिथला हा बादशहा. वारून सतराशे वर्षे झाली. बाहेर गाड्या तुंबल्या, तरी आम्ही दोघे कागदावरून उठलो नाही.

मग मी दिवुसचा अर्थ विचारला. तो म्हणाला, देव झालेला. बाप गेल्यावर दत्तक लेकांनी हे नाणे पाडले. आपण दीपमाळ समजलो ती चार मजल्यांची त्याची चिता आहे. भाऊजी, तुमच्या आईंना, पार्वतामावशींना सांगा, माणूस परका निघाला, पण तो टाकच आहे.

लहान भावावर माया राहू द्यावी.

मु. अकोला, माघ वद्य ६

चि. महादेवराव यास अ. आ. वि. तुमचे पत्र आईला वाचून दाखवले. चितेचे तिने दोनदा वाचायला लावले. मग हळूच म्हणाली, हे तुह्ये बाबा नोहेत. उठून भाकर खाल्ली आणि सोनाराला बोलावून बाबांचा टाक वेगळा घडवायला सांगितला.

नाणे मात्र हलू दिले नाही. लेकांनी एवढं केलं, आता त्याले पानी कोन देते, असे तिने गुरवालाच विचारले. 

काल श्राद्धात बाबांनंतर तिने मला त्याच्या नावाने पाणी सोडायला बसवले. भटजी गोत्रावर अडले. गोत्र ठाऊक नसलेल्याचे कश्यप धरतात, म्हणून तेच म्हणायला लावले. कश्यपगोत्री आंतोनिन, असे म्हणत मी पाणी सोडले, महादेवराव.

सुभद्रेचा राग उतरला आहे, येऊन जावे. घर तुमचेच समजावे, हे आशीर्वाद.