कत्तलखान्यातली परीक्षा

सोमवार, ५ फेब्रुवारी २००७

सरकारला माझी आठवण आली म्हणायची! चाळीस वर्षं मी पोरांचे दात बघतेय, त्यातली बत्तीस या शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत. आणि आज वेलिंग्टनहून पत्र — मला दात बघता येतात का, ते तपासणार म्हणे.

अकरा पानं. नव्या मुलींचं शिक्षण आता विद्यापीठात, तीन वर्षं. आम्हा जुन्यांची परीक्षा. शाळेतले दवाखाने बंद, त्यांच्या जागी फिरती गाडी. आणि जी पास होईल तिला पुढे शिकून मोठ्या माणसांचेही दात बघता येतील. आजवर अठरा वर्षांपुढच्या तोंडात डोकावणंसुद्धा मला मना.

हेमीला वाचून दाखवलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, दाढ दुखली की नवरा दोन तास गाडी चालवत गिस्बर्नला जातो. म्हणतो, "म्हणजे इतकी वर्षं कायदा मला तुझ्यापासून वाचवत होता!"

त्याला आज जेवायला फक्त सूप.

मंगळवार, ६

राष्ट्रीय दिवसाची सुट्टी. शिंपले आणि तळलेली पोळी. सरकारचं नावही काढलं नाही.

सोमवार, १२

तपासायला कोण येणार ते कळलं. रोइमाता! आमच्या पोस्टवाल्या टेरेन्सची पोर. चोवीस वर्षांची. सहाव्या वर्षी याच खुर्चीत माझ्या बोटाला कडकडून चावली होती. आता पदवीधर. आणि मी म्हणे तिची "उमेदवार".

टेरेन्स टपाल देताना दात काढत होता. "न्यारी, अभ्यास कर हं! पोरगी कडक आहे."

"माहीत आहे," म्हटलं. "टाके पडले होते."

बुधवार, २१

नव्या शिक्षणाचं पुस्तक वाचायला घेतलं. बारीक टाईप! दात पोखरण्याआधी थांबा. डाग कडक असेल तर पोखरू नका. लेप लावा, वाट बघा, घरच्यांशी बोला.

वाट बघा! आम्हाला सतराव्या वर्षी वेलिंग्टनला शिकवलं ते उलट — डाग दिसला की पोखरा, चांदी भरा, पुढचं पोर. महिन्याला किती भरले त्याचा तक्ता भिंतीवर. माझं नाव कायम वर. पोरं या खोल्यांना उगाच कत्तलखाना म्हणत नाहीत.

हेमीला म्हटलं, आजकाल दाताशी गप्पा मारतात. तो म्हणाला, "मग तू नक्की पास. तुझं तोंड थांबतं कधी?"

मंगळवार, ६ मार्च

उद्या. पांढरा कोट दोनदा इस्त्री केला. हेमी म्हणतो, लग्नातसुद्धा इतकी नटली नव्हतीस. झोप लागत नाहीये. लागेल.

बुधवार, ७

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

रोइमाता आली. हातात कागद, चेहरा परीक्षकाचा. आल्या आल्या मला मिठी मारली आणि लगेच सरळ झाली — नियमात बसत नसावं. "मावशी, मी नाहीच असं समज."

पहिली तीन पोरं झकास. चौथी तुई, सात वर्षांची, मासळीवाल्यांची. मागच्या दाढेत तपकिरी रेघ. तपासायच्या सळीचं टोक फिरवून बघितलं. कडक. अगदी कडक. पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर होतं, शपथ! तरी हाताने ड्रिल उचललं. मी नाही — हाताने. सुरू झालं, पोरीने डोळे मिटले, दाढेवर टेकणार —

"मावशी, थांब."

हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी ड्रिल खाली ठेवलं. तुईने एक डोळा उघडला. "झालं?" म्हटलं, हो, झालं. लेप लावला. बक्षीस म्हणून नेहमीसारखी कापसाची माशी करून दिली. ती उड्या मारत गेली.

दार लागल्यावर मी रोइमाताला विचारलं, "तू असतीस तर नसतंस पोखरलं?"

ती खुर्चीत बसली, दिवा स्वतःच ओढून घेतला आणि आ केला. चार दाढा. चारही चांदीने भरलेल्या. काम माझं, शंभरांत ओळखेन — कडा बघा, आजही एक फट नाही. एकोणनव्वद साल.

"यातल्या किती भरायला हव्या होत्या?" मी विचारलं.

"जुनी नोंद काढून बघितली. एक." मग घाईघाईने, "मावशी, तेव्हा तेच शिकवत होते. तुझी चूक नाही."

बाकीच्या तीन?

गावात चहाला गेले. दुकानदारीण हसली — माझी चांदी. बसवाला, चर्चमधल्या दोघी बहिणी — माझीच चांदी. अख्खं गाव माझ्याकडे बघून हसतंय! आणि मला मोजायची हिंमत नाही.

गुरुवार, ८

राजीनामा लिहिला. चार ओळी. हेमीने वाचला, टिंगल केली नाही. मला तेच जास्त लागलं.

मग म्हणाला, "तुझा हात त्या पोरीच्या दाढेवर थांबला ना?"

"तिने थांबवला."

"पण थांबला."

शुक्रवार, ९

राजीनामा टाकला नाही. फाडलाही नाही.

मंगळवार, २०

तुईची आई आली. ताजे मासे घेऊन. पोर रोज सकाळी घासते म्हणे, "डागावर लक्ष ठेवायचंय" म्हणून. आई घासायला लागली की तिलाही ओरडते, नीट घास म्हणून. या पोरीने मला तरी कधी विचारलं होतं का, की दात कसे राखायचे? छे, मीच कधी सांगितलं नव्हतं! आ कर, संपलं, पुढचं पोर.

शुक्रवार, ३०

पत्र आलं. नापास. सहा महिने फिरत्या गाडीवर परीक्षकाच्या हाताखाली शिकायचं, मग पुन्हा परीक्षा. खाली सही रोइमाताची, टपोरी, कुठेही न थरथरलेली.

भिडेखातर पास केलं असतंस तर तो राजीनामा टाकून मी गेले असते गं. कायमची.

फोन केला. पलीकडे रडायलाच लागली. म्हटलं, नाक पूस आणि सांग, सोमवारी गाडी किती वाजता सुटते? सहा महिने तुझ्या हाताखाली. आणि हो, मला "मावशी" म्हणून सूट द्यायची नाही.