अडथळा बाजूला करून फोटो पुन्हा काढा

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७.१०
ही काल तिच्या बहिणीकडे गेली. पंधरा दिवस. हवापालट. जाताना सगळे स्वेटर नेले, जुना चष्मा नेला आणि शिवणयंत्रही नेलं. मेव्हणीचं मशीन बिघडलं असणार. विचारायचं राहिलं.
निश्चय: पंधरा दिवसांत घर लखलखीत करून हिला चकित करायचं. पहिलं काम, बाहेरच्या खोलीतली दिवाणामागची भिंत. थोडी ओल आहे. हिच्या मते फार आहे. हिला सगळंच फार वाटतं.
उद्या प्लंबरला फोन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
प्लंबरला फोन राहिला. ऑफिसात पुरवणी परीक्षेच्या अर्जांचा ढीग. तीस वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली, फॉर्मच्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही. एक रकाना रिकामा दिसला तर मला जेवण जात नाही.
चहा स्वतः केला. उतू गेला. शेगडी उद्या पुसू.

७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३
प्लास्टर धाडकन खाली आलं. परातीएवढा तुकडा, बरोबर ही शिवायला बसते त्या जागी. कॅलेंडरही गेलं. हिला कॅलेंडरची भारी हौस, दरवर्षी आदल्यापेक्षा मोठं. यंदाचं तर खिडकीएवढं होतं. कुठून पैदा केलं देव जाणे.
मी डगमगलो नाही. उलट खूश झालो. घराचा विमा आहे! पॉलिसी वाचली. नुकसान ‘अचानक’ झालं असेल तर दुरुस्ती कंपनीची. ‘हळूहळू’ झालं असेल तर आपली. आता यापेक्षा अचानक काय असतं?
म्हणजे प्लंबरला फोन केला नाही ते बरंच झालं. घाई नडली असती.

९ फेब्रुवारी, सोमवार
विमा कंपनी आता माणूस पाठवत नाही. ॲप आहे. आपण फोटो काढायचे, एआय ते तपासतो आणि कुठे काय मोडलंय, दुरुस्तीला काय लागेल, सगळं सांगतो. आमचा शिपाई म्हणाला, माणसाला निदान चहा तरी पाजता यायचा. मी म्हटलं, यंत्रच बरं, मुलाहिजा ठेवत नाही.
पहिल्या फोटोत माझा अंगठा आला. एआयने त्याला लाल चौकट करून ‘उभा तडा, मध्यम’ असं लिहिलं. दुसऱ्यात दिवाणावर वाळत घातलेला बनियन आला. ‘बुरशी.’ तिसऱ्यात भिंत आली. ‘ओल. प्लास्टर सुटले आहे. पाणी कुठून येते ते आधी शोधा.’
हुशार आहे. अगदी हिच्यासारखं बोलतो.
नुकसानीचं स्वरूप: अचानक. ठळक अक्षरात भरलं.

११ फेब्रुवारी, बुधवार
पाणी कुठून येतं हे मला पहिल्यापासून माहीत आहे. वरच्या मजल्यावरून. तिथे एक निवृत्त दंतवैद्य राहतात. गेलो, चार शब्द सुनावले. त्यांनी शांतपणे बाथरूम उघडून दाखवलं. खडखडीत कोरडं. वर म्हणाले, वहिनी सहा वर्षांपूर्वीच बघून गेल्या, गळती तुमच्याच नळाची आहे असं तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं.
ही मला बोलली नाही. किंवा बोलली असेल, मी मॅच बघत असेन.
हिला फोन केला. उचलला नाही. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
ॲपचा निरोप. भिंत आधी चांगली होती हे दाखवणारे जुने फोटो पाठवा. एवढंच ना? आमच्या घरातला प्रत्येक फोटो त्याच भिंतीपुढे काढलेला आहे, खोलीत तिथेच उजेड चांगला पडतो. दावा खिशात.

१५ फेब्रुवारी, रविवार
सकाळभर फोटो शोधले. चौदा मिळाले. लेकीचे वाढदिवस. तिचा बारावीचा निकाल. तिला नोकरी लागली तो दिवस. थोरला भाऊ साठ वर्षांचा झाला तेव्हाचं जेवण. सगळ्यांमध्ये भिंत झकास दिसते.
ही बहुतेक फोटोंत एकाच जागी. कॅलेंडरच्या शेजारी, उभी, अंगावर निळी शाल पसरून, एक कोपर जरा बाहेर. बाकी सगळे दिवाणावर ऐसपैस. मी मधोमध. कितीदा म्हणायचो, अगं बस की. म्हणायची, मी इथे बरी आहे. हट्टी स्वभाव.
चौदाही पाठवले. जुने कपडे बघून हसलो. मग उगाच चौथा फोटो पुन्हा उघडून बघत बसलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६
चौदापैकी अकरा फोटो परत. प्रत्येकात हिच्याभोवती लाल चौकट आणि खाली एकच वाक्य. ‘भिंतीसमोर अडथळा. अडथळा बाजूला करून फोटो पुन्हा काढा.’
माझं डोकंच फिरलं. माझ्या बायकोला अडथळा म्हणतो? दोन पानी तक्रार लिहिली. शिवाय सहा वर्षांपूर्वीचा फोटो पुन्हा कसा काढायचा, हेही विचारलं.
लेकीला फोन केला. म्हटलं, ऐकून हसेल. ती हसली नाही.
“बाबा, आई ओल झाकायला उभी राहायची तिथे. आधी कॅलेंडर पुरायचं. मग पुरेना झालं.”
मला कोणी सांगितलं नाही, असं मी म्हटलं.
“ती दरवर्षी सांगायची. तुम्ही दरवर्षी ‘बघतो’ म्हणायचात.”
फोन ठेवला. तक्रार फाडली.
फोटो तारखांप्रमाणे लावले. आधी छोटं कॅलेंडर. मग मोठं. मग मोठं कॅलेंडर आणि ही. मग शाल. मग कोपर. ही आमची लाज अंगावर पांघरून उभी होती आणि मी मधोमध बसून दात काढत होतो. फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.
जेवलो नाही. भूक नव्हती, आणि भातही लागला होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
निकाल आला. एआयने हिच्या दोन्ही बाजूंनी जेवढी भिंत दिसत होती तेवढ्यावरून हिशेब काढला. पहिल्या फोटोत कॅलेंडरच्या कडेला तळहाताएवढा डाग. शेवटच्या फोटोत डाग दोन्ही खांद्यांच्या बाहेर. ‘नुकसान अचानक झालेले नाही. अंदाजे सहा वर्षे हळूहळू वाढत गेले आहे. दावा नामंजूर.’
पुरावा मीच दिला. चौदा प्रती.
पंधरा दिवस काल झाले. ही आली नाही. खरं सांगायचं तर पंधरा दिवस हे ती म्हणालीच नव्हती. ती बॅग घेऊन दारात उभी होती, मी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, पंधरा दिवस ना? ती काही बोलली नाही. मग मीच पंधरा लिहून टाकलं. रकाना रिकामा ठेवायची सवय नाही.
पण हरकत नाही. प्रश्न भिंतीचा आहे. भिंत सुधारली की ही परत येईल. उद्या प्लंबर.

२२ फेब्रुवारी, रविवार
प्लंबर आला. (मी स्वतः दुकानात जाऊन घेऊन आलो.) बाथरूममधली एक फरशी काढली, आतला एक जॉइंट बदलला, फरशी बसवली. अर्धा तास. मी दोनदा विचारलं, झालं? म्हणाला, झालं की.
हात धुताना म्हणाला, तुमच्या घरच्या बाई तीन-चारदा येऊन गेल्या होत्या दुकानात. दरवेळी सांगायच्या, यांना विचारून वार कळवते.
आठवलं. मीच बजावलं होतं, मी घरी असल्याशिवाय कोणाला हातोडा लावू देऊ नकोस, लोक फसवतात. आणि मी घरी असलो की म्हणायचो, आज सुट्टी आहे, आज नको.

८ मार्च, रविवार
भिंत सुकली. प्लास्टर झालं, रंग झाला. हिच्या आवडीचा फिका पिवळा. (आवडीचा असावा. हिला पिवळं शोभतं.) शेगडीही पुसली.
फोटो हिला पाठवला. लगेच बघितला, दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. भारावली असेल.

१० मार्च, मंगळवार. सकाळी १०
ऑफिसला अर्धी रजा टाकून फोन केला. यावेळी उचलला. मागे मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला.
मी पाठ केलेलं सगळं बोललो. भिंत कोरडी आहे, रंग लावलाय, मी चुकलो, तू ये. ती म्हणाली, फोटो बघितला, छान झालीय. मग विचारलं, प्लंबरला किती वेळ लागला?
इथे खोटं बोलता आलं असतं. दोन दिवस म्हटलं असतं तरी खपलं असतं. माझ्या तोंडून खरं गेलं. अर्धा तास.
ती रडत होती की नाही, कळलं नाही. मी मात्र रडलो, आवाज न करता, निदान मला तसं वाटलं.
मग म्हणाली, “अर्ध्या तासासाठी मी सहा वर्षं उभी राहिले हो.”
मी म्हटलं, आता ये आणि बस. अगदी मधोमध बस.
“मी इथे बसलेय. मला इथेच राहू द्या. तुम्ही वेळेवर जेवत जा.”
मशीनचा आवाज परत सुरू झाला. फोन तिनेच ठेवला. मी ‘बघतो’ म्हणालो होतो बहुतेक.

११ मार्च, बुधवार
ॲपचा निरोप. दावा नामंजूर असला तरी नोंदीसाठी दुरुस्त भिंतीचा एक फोटो हवा. काढला. यावेळी अंगठा आला नाही.
उत्तर लगेच आलं. ‘फोटो स्पष्ट. भिंतीसमोर अडथळा नाही. नुकसान आढळले नाही. फाइल बंद.’
खाली एक प्रश्न होता. आपण समाधानी आहात का? हो किंवा नाही, खूण करायची होती.
रकाना रिकामा सोडला.