मनाचं नाव न घेणारं शास्त्र

बाई, तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. आज वर्गात फळ्यावर मी मानसशास्त्रातल्या विचारप्रणालींची नावं लिहीत होते, दर वर्षी लिहिते तशीच: रचनावाद, कार्यवाद, मनोविश्लेषण, वर्तनवाद, समष्टिवाद, मानवतावाद. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं उठून विचारलं की यातलं खरं कुठलं. मी नेहमीचं उत्तर दिलं, प्रत्येकात थोडं थोडं. ती खाली बसली, आणि मी खडू खाली ठेवला. तुमची विद्यार्थिनी असताना हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता, आणि तो का विचारला हे तुम्ही तिथल्या तिथे ओळखलं होतंत.

तेव्हा मी कागलहून रोज एसटीनं कोल्हापूरला यायचे. आमचा गुळाचा व्यापार, थोडी शेती, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं जैनांचं घर. या घरात आणखी एक माणूस होतं आणि त्याचा उल्लेख मी कॉलेजात कधी केला नव्हता. वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या. तिचं पहिलं बाळ गेलं, मग ती बोलेनाशी झाली, मग एकटीच बोलायला लागली. सासरच्यांनी आणून सोडली ती कायमची. परसातल्या तिच्या खोलीला बाहेरून कडी असायची. तिचं ताट नेऊन द्यायचं काम माझ्याकडे. मी नऊ वर्षांची असेन, खिडकीतून ताट आत सरकवताना तिनं माझं मनगट धरलं. सोडेचना. माझ्याकडे एकटक बघत म्हणाली, "तुझं डोळं माझ्यावाणी हाईत बघ." मी हे कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवसापासून आरशापुढे केस विंचरताना मी स्वतःच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागले. सगळ्यांना वाटलं मी आवडीनं मानसशास्त्र घेतलं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की हे मला कधी होणार.

पहिल्याच महिन्यात तुम्ही प्रयोगशाळेत ठेका देणारं यंत्र लावलंत. रचनावादी असंच करायचे म्हणालात, ऐकायचं, मग आत बघायचं आणि मनात काय काय उमटलं ते जसंच्या तसं सांगायचं. सगळे डोळे मिटून बसले. मी मिटलेच नाहीत. आत बघितलं आणि तिथे परसातली खोली दिसली तर? कार्यवाद म्हणायचा, मनाचा माणसाला जगायला उपयोग काय ते बघा. मी एसटीच्या खिडकीशी बसून विचार करायची, आत्याचं मन तिच्या काय उपयोगाचं. मनोविश्लेषण सुरू झालं तेव्हा तर मला अन्न जाईना. लहानपणी दडपलेलं कुठे जात नाही, वेष पालटून वर येतं, असं तुम्ही शांतपणे सांगत होतात आणि मी वहीच्या समासात रेघा मारत होते. बोलताना जीभ जरा अडखळली, एखादं नाव आठवलं नाही, की हे आलंच, असं वाटायचं.

मग वर्तनवाद आला आणि मला श्वास घेता आला. मनाचं नावच घ्यायचं नाही. जे बाहेरून दिसतं आणि मोजता येतं तेवढंच शास्त्र. भीतीसुद्धा शिकलेली असते, आणि शिकलेलं पुसता येतं. मी त्याला अशी चिकटले की वर्गातली मुलं चेष्टा करू लागली. मनोविश्लेषणाला मी भाकडकथा म्हणायची, तावातावानं वाद घालायची. एक दिवस तास संपल्यावर तुमच्या टेबलापाशी येऊन मी विचारलं, बाई, यातलं हेच खरं ना, बाकीचं सोडून दिलं तर चालेल ना? तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "तू वर्तनवादी नाहीस," म्हणालात. "तू घाबरलीयस. ज्याला आत बघायचं नसतं त्याला हे फार सोयीचं पडतं. घरात कोण आहे?"

मला तुमचा इतका राग आला. मी चार दिवस वर्गात आले नाही. पाचव्या दिवशी आले आणि सगळं सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात की रविवारी येते. तुम्ही येऊ नये म्हणून मी शनिवारी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन हात जोडले होते, हे तुम्हाला कधी कळलं नाही.

तुम्ही आलात. वडिलांनी बसायला खुर्ची दिली, पण चेहरा उतरलेला. "बाई, घरातलं हाय हे," ते म्हणाले. "ह्यात भाईरच्यानं पडू नये." तुम्ही म्हणालात की मी डॉक्टर नाही, काही करायला आलेली नाही, नुसती भेटायला आले आहे. आईनं चहा ठेवला होता. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन आणखी एक कप मागून घेतलात आणि तो घेऊन परसात गेलात. कडी स्वतः काढलीत. आत मात्र शिरला नाहीत, दाराबाहेर जमिनीवर मांडी घालून बसलात, त्या कडक इस्त्रीच्या साडीनिशी. मी धुण्याच्या दगडाशी उभी आहे, आता ती अंगावर धावून येणार असं वाटतंय. तुम्ही कप आत सरकवलात. तिनं तो उचलून ओठांना लावला. मग तुम्ही विचारलंत, साखर बरोबर आहे का. कप जमिनीवर टेकल्याचं ऐकू आलं. आणि आतून आवाज आला, "कमी हाय."

इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर तुम्ही एकाआड एक रविवारी येत राहिलात. समष्टिवाद, म्हणजे तुकड्यांआधी अख्खं बघणं, मला तुम्ही स्टँडवर एसटीची वाट बघताना शिकवलात, वर्गात नाही. म्हणालात, तुझ्याजवळ एक खिडकी आहे, एक मनगट आहे, दोन डोळे आहेत. हे तुकडे झाले, अख्खी आत्या तू अजून बघितलेली नाहीस. मानवतावाद्यांची पुस्तकं तेव्हा नुकती ग्रंथालयात आली होती. समोरच्याचं ऐकून घ्यावं, न्यायनिवाडा करू नये, एवढं सांगायला त्यांना इतकी पानं लागली म्हणून तुम्ही हसलात. पण नुसतं ऐकून भागणार नाही हेही तुम्हीच म्हणालात, आणि वडिलांच्या मागे लागून तिला कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे नेलंत. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी दिवसा कडी उघडी राहू लागली. आत्या स्वयंपाकघरात येऊन डाळ निवडत बसायची. कधी बरा दिवस, कधी वाईट. पूर्ण बरी ती झाली नाही. एकदा धीर करून मी तिला त्या डोळ्यांच्या बोलण्याचं विचारलं. तिला काहीच आठवत नव्हतं. माझी हनुवटी धरून तिनं निरखून बघितलं. "न्हाय की," म्हणाली, "तुझं तर तुझ्या आईवाणी हाईत."

तरी भीती गेली नाही. एम.ए. झाल्यावर तुम्ही मला तुमचं विचारप्रणालींचं जुनं पुस्तक दिलंत. जागोजागी समासात पेन्सिलीनं एकच ओळ होती, 'आणि तो माणूस स्वतः काय म्हणाला?' ते हातात घेऊन मी शेवटी विचारलं, बाई, मला होईल का? तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. माहीत नाही, म्हणालात, यातल्या कुणालाच माहीत नाही.

मला झालं नाही, बाई. चाळिशी आली. पण सासरी मी आत्याबद्दल कधी बोलले नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेल्याची तार आली, तेव्हा सासूबाईंना मी म्हणाले की गावाकडची शेजारीण वारली, आणि कागलला गेले नाही. आता माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. दोन महिने झाले, ती गप्प गप्प असते. पुस्तक उघडं असतं आणि पान उलटत नाही. कधी स्वतःशीच ओठ हलवते. या वयात मुली अशा होतात, हे मला पाठ आहे, मी ते वर्गात शिकवते. घरी मात्र मी तिच्या पोळ्या मोजते, ओठ किती वेळा हलले ते मोजते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते.

हे पत्र कुठे टाकायचं असतं ते मला माहीत नाही. टाकणारही नाही. काल मुलगी मी बसले होते तिथे आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं होतं." मी मान वर न करता म्हणाले, पेपर तपासून होऊ देत. ती गेली. बाई, पेपर परवाच तपासून झाले होते.