रविवारच्या आत इंटरकूलर

सोमवार, ९ मार्च
लेकीला परगावी नोकरी लागली. रविवारी निघायचं. ही म्हणाली, बसचं तिकीट काढते. म्हटलं, घरात सुपरचार्जरवाली गाडी असताना मुलगी बसने जाणार? गाडी लहान, पण दम आहे. एकच उणीव. सुपरचार्जर इंजिनात हवा दाबून भरतो, दाबलेली हवा तापते, आणि ती थंड करणारा कंपनीचा इंटरकूलर अगदीच चिमुकला. मोठा मागवलाय. एका दुपारचं काम.

शिवाय चार तास आम्ही दोघंच. तिच्याशी सलग इतकं कधी बोललो, आठवत नाही. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय.

मंगळवार, १० मार्च
पार्सल आलं. देखणा आहे. जुना काढला. धूळ जाऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबली. लोक एवढी काळजी घेत नाहीत, म्हणून त्यांच्या गाड्या बिघडतात.

गुरुवार, १२ मार्च
काल विचार केला. तेही कामच.

आज नवा इंटरकूलर प्रेशरच्या पाण्याने धुतला. नवा असला म्हणून काय झालं, स्वच्छ हवाच. जाळीच्या पातळ पट्ट्या आडव्या झाल्या. लेकीच्या भुवयांच्या चिमट्याने एकेक उभी करतोय. ती शेजारी टॉर्च धरून बसली. म्हणाली, बाबा, जुना चालत होता ना? म्हटलं, चालणं वेगळं, धावणं वेगळं. मग म्हणाली, बाबा, तिकडे मला एकटीला जमेल ना रे? म्हटलं, टॉर्च हलवू नकोस. थोड्या वेळाने उठून गेली. बरंच झालं. पट्ट्या फार नाजूक असतात.

शुक्रवार, १३ मार्च
बसवला. बॉनेट लागत नाही, चांगलं दोन बोटं वर राहतंय. गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणाला, साहेब, जुना लावा आणि पोरीला सोडून या, हौस नंतर करा. गाढवाला गुळाची चव काय. बॉनेट दोरीने बांधणार. फटीतून हवा आणखी खेळेल.

शनिवार, १४ मार्च, संध्याकाळ
स्टार्ट केली. खोकली आणि बंद पडली. पुन्हा तेच. पेट्रोलमध्ये भेसळ असणार. मेव्हणा सहज डोकावला. विचारलं, भाऊजी, सकाळी माझी गाडी आणू का? म्हटलं, छे, काही गरज नाही. ही त्याला म्हणाली, सातला ये.

रविवार, १५ मार्च, सकाळ
आला. डिकीत सगळं सामान मावलं. ही पुढे बसली. मागे लेकीशेजारी माझ्यापुरती जागा होती, पण इंजिन उघडं टाकून कसं जायचं? लेक जवळ आली, पाठीवर हात ठेवून म्हणाली, येते रे बाबा. म्हटलं, हो हो, जरा तो पाना दे. तिने दिला. तुला सगळं जमेल, हे तिला सांगायचं ठरवलं होतं. गाडी वळल्यावर आठवलं.

दुपार
चिंधी पाइपातच होती. काढल्याबरोबर गाडी सुरू. आवाज तर काय सुरेख. लगेच मागोमाग निघणार होतो, तेवढ्यात हिचा फोन आला. पोचलो, खोली लावून झाली, पोरगी तिथल्या मुलींबरोबर बाहेर गेलीय, आम्ही परत निघतोय.

तयारी झालीच होती, म्हणून गाडी काढली. कुठे जावं सुचेना. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. इंटरकूलरला हात लावून पाहिला. गारेगार. काम फत्ते.