उगवतीची सहा मिनिटं

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।
वळसंग, १२ डिसेंबर १९७४

चि. शिवयोगीस गुरम्माचे आशीर्वाद.

तुजे दाजी गळीत हंगामासाठी श्रीपूरच्या साखर कारखान्यावर हायत. हितं मी अन् गौरम्मा. तिची शाळा सुटून ती वस्तीवर येस्तोवर अंधार पडतोय. वड्याकडंला लांडग्यानं शेरडू नेलं. शेजारचा बसलिंगप्पा म्हनतो, दुष्काळापासनं भुई कलंडली, आता दिस असाच आखडत जानार. लई भ्या वाटतंय. शनिवारी सकाळची शाळा असली की मी तिच्यासंगं वड्यापर्यंत जाते. पोरीची शाळा बंद करावी म्हनते. तू भूगोल शिकवतोस, खरं काय ते लिही.

माया पातळ करू नको.
गुरम्मा


सोलापूर, १८ डिसेंबर १९७४

तीर्थरूप अक्कास शि. सा. नमस्कार.

पृथ्वी आत्ता कलंडलेली नाही, पहिल्यापासून कललेलीच आहे, तीही एकाच बाजूला. तशीच ती सूर्याभोवती फिरते. सध्या आपला उत्तरेकडचा अर्धा भाग सूर्यापासून पलीकडे झुकलाय, म्हणून सूर्य दक्षिणेकडून खालून जातो अन् लवकर मावळतो. वैशाखात आपण त्याच्याकडे झुकतो, तेव्हा ऊन आणि दिवस दोन्ही वाढतात. बावीस तारखेनंतर दिवस मोठा होईल. शाळा बंद करू नकोस. नाताळानंतर शनिवारीही गौरीला एकटी पाठव, उजेड लवकर होत जाईल.

लोभ असू द्यावा.
शिवयोगी


वळसंग, १२ जानेवारी १९७५

चि. शिवयोगीस आशीर्वाद.

सांज लांबली, खरं हाय. पन सकाळ? मागल्या महिन्यात पयली एसटी जाताना समोरच्याचं तोंड दिसायचं, आता दिसत न्हाय. तुज्या शब्दावर काल पोरीला एकटी धाडली. वड्यात लांडगा समोर हुबा. पोर दप्तर छातीशी धरून हलली न्हाय. दिस वर आल्यावर तो गेला. तवापासनं ताप हाय, उंबरा वलांडत न्हाय. तुजं पुस्तक खोटं का रं?

गुरम्मा


सोलापूर, १५ जानेवारी १९७५

तीर्थरूप अक्कास शि. सा. नमस्कार.

पुस्तक खरं आहे, चुकलो मी. दिवस वाढतो, पण आधी संध्याकाळच्या बाजूनं. पृथ्वीची कललेली आस आणि तिचा कमीजास्त वेग यांमुळे या दिवसांत सूर्य रोज थोडा उशिरा डोक्यावर येतो. म्हणून उगवणं-मावळणं दोन्ही पुढं सरकतं; बावीस तारखेपासून उगवती सहा मिनिटं लांबली. महिनाअखेरपर्यंत ती अशीच रेंगाळेल. घरातल्या पंचांगात सगळं छापलेलं होतं. मी उघडलं नाही. तुझं पत्र वाचल्यावर उघडलं.

चोवीसला शुक्रवारी येतो. शनिवारी गौरीबरोबर मी जाईन. ती नको म्हणाली, तर तिच्याजवळ बसेन.

रागावलीस तरी परकं करू नकोस.
शिवयोगी


वळसंग, १९ जानेवारी १९७५

ती. शिवयोगीमामास गौरम्माचा नमस्कार.

ताप उतरला. आई म्हनती, नको जाऊ. मला भ्या वाटतंय, पन जायचंय. तुमी या. वड्यात मात्र तुमी माज्या मागनं चाला. तो कुटं हुबा ऱ्हातो, ते तुमाला ठावं न्हाय.

तुमची,
गौरी